डबल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, त्याची मूठ आणि त्याचे होल्स्टर : संग्रहामागची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये जुन्या शस्त्रांचा विषय निघाला की बोलणे २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीकडे वळतेच. विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ज्या शस्त्राने गोळ्या झाडल्या, त्याला अनेक जण सरसकट रिव्हॉल्व्हर म्हणतात. प्रत्यक्षात ते ब्राउनिंग बनावटीचे पिस्तूल होते, म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे धरणारे फिरते सिलिंडर नसलेले, त्या काळी अगदी नवे असलेले यंत्र. रिव्हॉल्व्हरचा खरा वावर शहरालगतच्या देवळाली छावणीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश अधिकाऱ्यांची तिथे सतत ये-जा असे आणि त्यांच्या कमरेला हेच शस्त्र असे. संग्राहकाने हा फरक पक्का ध्यानात ठेवला पाहिजे, कारण वस्तू नेमकी ओळखल्याशिवाय संग्रहाला सुरुवातच होत नाही.

सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, मागे ओढावा लागत असे. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८५१ मध्ये चाप ओढताच घोडा आपोआप उठून पडेल अशी रचना केली, पण तो चाप इतका जड होता की नेम हलायचा. पुढे फ्रेडरिक बोमाँट या लष्करी अभियंत्याने घोडा अंगठ्याने उचलण्याची आणि नुसता चाप ओढण्याची, अशा दोन्ही सोयी एकत्र आणल्या (यालाच डबल-अ‍ॅक्शन म्हणतात), आणि १८५६ पासून बोमाँट-अ‍ॅडम्स हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यात आले. अमेरिकेत कोल्ट कंपनीने या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर १८७७ मध्ये काढले. सिलिंडर बाजूला उघडणारे रूपही कोल्टनेच १८८९ मध्ये आणले आणि १८९६ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपले काढले.

आपल्याकडच्या संग्राहकाच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे घराणे वेब्ली या ब्रिटिश कंपनीचे. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या पहिल्या नमुन्यापासून १९१५ च्या सहाव्या नमुन्यापर्यंत मूळ कल्पना एकच राहिली : खटका दाबला की नळी पुढे झुकते आणि रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकली जातात. नमुना ओळखायचा तो मुठीवरून. पाचव्या नमुन्यापर्यंत मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी गोलाकार वळलेली आहे. सहाव्यात ती खाली चौकोनी होते आणि नळी सहा इंचांची होते. मुठीच्या दोन्ही पाट्या चौकडीची नक्षी असलेल्या काळ्या व्हल्कनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) असतात आणि जुन्या झाल्या की त्यांच्यावर तपकिरी झाक चढते. एखाद्या नगावर काळ्याभोर, धारदार नक्षीच्या पाट्या दिसल्या, तर त्या नंतर बसवलेल्या असण्याची शक्यता तपासावी. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नगांत लाकडी मुठीच्या उजव्या पाटीच्या आतल्या बाजूला बहुधा शस्त्राचाच क्रमांक सापडतो, आणि तो जुळला की मूठ मूळची ठरते.

होल्स्टरचा, म्हणजे कमरेला शस्त्र अडकवण्याच्या म्यानाचा, इतिहास तर हिंदुस्थानातच घडला. १८५८ मध्ये उत्तर भारतातील लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउन या अधिकाऱ्याने तलवार आणि रिव्हॉल्व्हर यांचा भार नीट पेलणारा, खांद्यावरून तिरका जाणारा चामडी पट्टा बनवून घेतला, आणि पुढे तो साऱ्या ब्रिटिश सैन्याचा झाला. त्या पट्ट्यावरचे झडपेचे तपकिरी होल्स्टर चार इंची नळीसाठी वेगळे आणि सहा इंचीसाठी वेगळे असे. लहान होल्स्टरमध्ये कोंबलेला सहावा नमुना पाहिला की मला खरोखर वाईट वाटते. दोन्ही वस्तू अस्सल असूनही जोडी खोटी ठरते. दुसऱ्या महायुद्धात चामड्याची जागा विणलेल्या सुती पट्ट्यांनी घेतली. रणगाडादलासाठी एनफिल्डच्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचे टोकच काढून टाकले गेले, कारण ते आतल्या वस्तूंत अडकत असे.

या छंदाला कायद्याची चौकट आहे आणि ती जाणून घेतल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत घट्ट केली आणि १९५९ च्या कायद्याने ती स्वतंत्र भारतात पुढे चालवली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेले शस्त्रही तीत मोजले जाते. निव्वळ जुने म्हणून रिव्हॉल्व्हर परवान्यातून सुटत नाही. कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही अशाच शस्त्राला. शस्त्राचे भागही व्याख्येत येत असल्याने सुट्या मुठी घेण्याआधी विचारणा करणे शहाणपणाचे. पट्टे, होल्स्टर, शस्त्र अडकवण्याच्या दोऱ्या आणि काडतुसांच्या रिकाम्या चामडी पिशव्या ही शस्त्रे नव्हेत. म्हणूनच इथल्या अनेकांचा संग्रह शस्त्रापेक्षा या साजानेच समृद्ध होतो आणि माझ्या मते त्यात काहीही उणे नाही.

ज्यांच्याकडे आजोबांच्या नावावरून वारशाने आलेला परवानाधारक वेब्ली आहे, त्यांनी तो होल्स्टरमध्ये कायमचा ठेवू नये. चामडे पावसाळ्याचा ओलावा धरून ठेवते आणि कमावण्याच्या द्रव्यांचा अंश पोलादाला गंज आणतो, तर पितळी बटणाभोवती हिरवट थर साचतो. शस्त्र आणि होल्स्टर वेगवेगळे, कोरड्या जागी ठेवावे, आणि गंज दिसला तरी नव्याने निकेल चढवून घेऊ नये. मूळ निळसर झाक आणि कोरलेली अक्षरे एकदा घासली गेली की परत येत नाहीत.