मनगटावरचे पंचांग : सूर्योदयाच्या वेळेमागची जुनी गणिते

संक्रांतीची संध्याकाळ, नागपूरच्या फुटाळा तलावाचा काठ. आकाशात पतंग, खाली दुसऱ्याचा कटला की होणारा ‘ओ काट!’चा गलका. माझ्या जीपीएस घड्याळात सूर्यास्त ५:५१. सूर्य मात्र ५:४७ लाच पलीकडच्या झाडांमागे गेला. शेजारी मक्याचे कणीस खात बसलेल्या काकांनी माझ्या मनगटाकडे पाहिले आणि विचारले, “काहून जी, एवढं महागाचं घड्याळ, अन् मागं हाय का?”

घड्याळ मागे नव्हते. पण काकांना उत्तर द्यायचे तर उज्जैनपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तोवर त्यांचे कणीस संपले असते.

मुळात घड्याळाला सूर्य दिसत नाही. उपग्रहांकडून ते दोनच गोष्टी घेते : आपण कुठे आहोत आणि आत्ता किती वाजले आहेत. बाकी सगळे गणित, आणि ते पंचांगकर्त्यांच्याच घराण्यातले. आपल्या ज्योतिषात दिवस सूर्योदयापासून मोजत. साठ घटकांचा दिवस, २४ मिनिटांची घटका. बुडाला बारीक भोक असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटका भरली. वेळ जिच्यापासून मोजायची ती मध्यरेषा उज्जैनची. आपले गाव तिच्या पूर्वेला असेल तर सूर्य आधी उगवणार, पश्चिमेला असेल तर नंतर, हा देशांतर संस्कार (संस्कार म्हणजे दुरुस्ती). गाव जितके उत्तरेला तितका उन्हाळ्यातला दिवस मोठा आणि हिवाळ्यातला लहान, हा चर संस्कार. तिसरी दुरुस्ती सूर्याच्या कमी-जास्त चालीची, तिच्यासाठी भुजांतर आणि उदयांतर हे दोन संस्कार. भास्कराचार्यांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, हे सगळे पाटीवर मांडले जात होते. घड्याळातली चिप हीच तीन कामे करते, फक्त डोळ्याचे पाते लवायच्या आत.

नागपूरचे रेखांश सुमारे ७९.१ अंश. उज्जैनपासून आपण साधारण १३ मिनिटे पूर्वेला, आणि भारतीय प्रमाणवेळ जिच्यावर बेतली आहे त्या मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंशांच्या रेषेपासून साडेतेरा मिनिटे पश्चिमेला. जुन्या आणि नव्या मध्यरेषांच्या जवळजवळ मधोमध. नागपुरातल्या झिरो माईलच्या खांबावरून ‘देशाचे केंद्र खरेच इथे का’ असा वाद घालणाऱ्यांनी हा मधोमधपणाही हिशेबात धरायला हरकत नाही.

रेल्वे येईपर्यंत माथ्यावर सूर्य आला की नागपुरात बारा वाजत. १८६७ मध्ये मुंबईकडून गाडी इथवर पोचली. पुढे देशभरातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली, ती आपल्या स्थानिक वेळेच्या पाचेक मिनिटे पुढे. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली आणि आणखी नऊ मिनिटे चढली. (मुंबईने मात्र आपली वेगळी वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही.) तेव्हापासून नागपूरच्या घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा सरासरी साडेतेरा मिनिटांनी फटकून आहेत.

‘सरासरी’ म्हणायचे कारण तिसऱ्या दुरुस्तीत आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे सूर्याची मध्यान्ह वर्षभर पुढेमागे सरकते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरात सूर्य १२:२८ ला माथ्यावर येतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११:५७ लाच. यातून एक गंमत होते. २१ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस हे शाळेत पाठ केलेले, पण नागपुरात सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस होतो, साडेपाचच्या सुमाराला. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय? संक्रांतीच्या आसपास, ६:५३ ला. डिसेंबरच्या त्या लहान दिवशी तो ६:४६ ला असतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ना, तोवर तो फक्त संध्याकाळच्या बाजूने वाढलेला असतो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना जानेवारीत घड्याळ बिघडल्याचा संशय येतो तो यामुळे.

आता खरा भांडणाचा मुद्दा : सूर्योदय म्हणायचे कशाला? बिंबाची वरची कड दिसली की, का अर्धे बिंब वर आले की? आपल्या परंपरेत बिंबाचा मध्य धरण्याची, म्हणजे अर्धोदयाची रीत आहे. आधुनिक खगोलगणित वरची कड धरते, शिवाय हवेमुळे होणारे वक्रीभवनही जमेस धरते. हवा किरणांना वाकवते, म्हणून क्षितिजावर टेकलेला दिसणारा सूर्य प्रत्यक्षात खाली गेलेला असतो. त्यासाठी ठरलेला आकडा ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), बिंबाच्या त्रिज्येच्या १६ कला, एकूण ५०. नागपूरच्या अक्षांशावर या ५० कलांना साडेतीन ते चार मिनिटे लागतात. एखाद्या पंचांगातली आणि घड्याळातली वेळ नेमकी एवढ्याने चुकत असेल, तर दोघांचेही गणित बरोबर आहे. व्याख्या वेगळी आहे.

त्यातले ३४ हा नुसता ठोकताळा. हवेचे तापमान आणि दाब बदलला की तो बदलतो. १५९७ च्या जानेवारीत उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेमल्या बेटावर बर्फात अडकलेल्या डच खलाशांना महिनोन्‌महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीनंतर सूर्य दिसला, तो गणितापेक्षा जवळपास दोन आठवडे आधी. थंड हवेच्या थरांनी त्याला क्षितिजाखालून उचलून दाखवले होते. नागपुरात असले काही होत नाही, पण एखाद्या मिनिटाचा फरक हवा सहज पाडते, आणि तो कुठल्याही चिपला आधी कळत नाही.

मग जीपीएसने काय सुधारले? खरे सांगायचे तर जागेच्या बाबतीत फारसे नाही. पहिला उपग्रह १९७८ चा, पूर्ण यंत्रणा १९९५ ला सज्ज झाली, मनगटावरचे पहिले जीपीएस घड्याळ कॅसिओने १९९९ मध्ये काढले. नागरी वापरासाठीचा संदेश अमेरिका तेव्हा मुद्दाम शंभरेक मीटरने धूसर ठेवत असे. ते मे २००० मध्ये थांबले. पळणाऱ्यांना आणि गाडी हाकणाऱ्यांना याचे मोल मोठे. सूर्योदयाला शून्य. नागपुरात पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकले की सूर्योदय सव्वादोन सेकंदांनी बदलतो. शहराच्या पश्चिमेची वाडी ते पूर्वेची पारडी हे अंतर १५ किलोमीटर धरले तरी फरक ३५ सेकंदांचा. शंभर मीटरची धूसरता म्हणजे पाव सेकंद! खरा लाभ वेळेचा झाला. आकाशवाणीच्या ठोक्यावर घड्याळ लावायची गरज उरली नाही.

चुका होतात त्या भलत्याच जागी. मुंबईहून रात्रीच्या गाडीने नागपूर स्टेशनवर उतरा. घड्याळाने मोकळे आकाश पाहिलेले नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही अजून मुंबईतच असता, आणि जानेवारीत ते ७:१४ चा सूर्योदय दाखवते, इथे सूर्य वर येऊन वीस मिनिटे झालेली असताना. मुंबईच्या वेळा छापलेली दिनदर्शिका भिंतीवर टांगली की हेच होते. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या घरात ही वीस-पंचवीस मिनिटे फार लांब वाटतात.

दुसरी चूक उंचीची. डोंगरावरून क्षितिज खाली दिसते, म्हणून काही सॉफ्टवेअर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची दुरुस्ती आपणहून लावते. नागपूर ३१० मीटरवर. तो आकडा तसाच घेतला तर सूर्योदय दोन मिनिटांहून अधिक आधी सरकतो. पण आपण समुद्रातल्या कड्यावर थोडेच उभे आहोत? भोवतालचा मुलूखही तेवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे ही दुरुस्ती इथे निव्वळ चूक.

आणि काकांच्या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे होते : झाडे. ६०० मीटरवर डोळ्यांच्या पातळीपेक्षा १० मीटर उंच शेंडे असले की क्षितिज एका अंशाने वर येते, आणि संक्रांतीच्या सुमाराला एक अंश खाली यायला सूर्याला साडेचार मिनिटे लागतात. घड्याळ सपाट, मोकळे क्षितिज धरून चालते. समुद्राकाठी ते मिळते, फुटाळ्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने एका मित्राच्या नवव्या मजल्यावरच्या गच्चीत गेलो. पश्चिमेला झाडे आडवी येत नव्हती. सूर्य लाल होत होत क्षितिजाच्या अर्ध्या बोटावर आला आणि तिथेच धुरकटात विरून गेला. घड्याळात तीन मिनिटे बाकी होती.