मद्यासक्तीतील नाकबुली

मद्यपानामुळे स्वतःचे शरीर, काम किंवा नाती बिघडत असल्याची चिन्हे समोर असूनही ती न दिसणे, दिसली तरी त्यांचा दारूशी संबंध न लावणे, किंवा संबंध मान्य करूनही तो किरकोळ ठरवणे, या मनोव्यापाराला मद्यासक्तीतील नाकबुली म्हणतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात त्यासाठी ‘नकार’ किंवा सरळ ‘डिनायल’ हे शब्द रूढ आहेत. नाकबुली आणि खोटे बोलणे एक नव्हे. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. नाकबुलीत माणूस आधी स्वतःचीच समजूत घालतो आणि तीच समजूत इतरांना सांगतो, त्यामुळे आपण प्रामाणिक आहोत असेच त्याला वाटत असते. व्यवहारात दोहोंची सरमिसळ आढळते. बाटली लपवणाऱ्याला ती कुठे लपवली हे पक्के माहीत असते; ती लपवावी का लागली, हा प्रश्न मात्र तो स्वतःला विचारत नाही.

संकल्पनेचे मूळ मनोविश्लेषणात आहे. आना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये मनाच्या संरक्षक यंत्रणांची जी मांडणी केली, तीत असह्य वास्तव नाकारण्याच्या प्रवृत्तीचा विचार आहे. व्यसनाच्या संदर्भात तिला वजन आले ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बंधुमंडळामुळे. त्याच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी दारूपुढे आपण हतबल झालो असल्याच्या कबुलीची आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्यासक्तीच्या एका प्रभावी अमेरिकन वैद्यकीय व्याख्येत तर विचारांतील विपर्यासाचे ठळक उदाहरण म्हणून नाकबुलीचा स्पष्ट उल्लेख होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतील ११ निकषांत मात्र ती नाही, आणि ते योग्यच आहे. नाकबुलीलाच व्यसनाचा पुरावा मानले, तर ‘हो’ म्हणणारा व्यसनी आणि ‘नाही’ म्हणणाराही व्यसनी, असा सुटका नसलेला तर्क तयार होतो. म्हणून आधी पिण्याचे परिणाम स्वतंत्रपणे तपासायचे आणि त्यांच्याशी माणसाचे म्हणणे कितपत जुळते ते मग पाहायचे, हाच क्रम धरावा लागतो.

‘मला काहीही त्रास नाही’ असा उघड नकार तुलनेने सहज ओळखता येतो. अवघड असतो तो अर्धवट कबुलीत दडलेला. ‘घेतो कधी कधी, पण त्यातला नाही’ या वाक्यात ‘त्यातला’ म्हणजे कोण, हे बोलणाराच ठरवतो आणि गरजेप्रमाणे बदलतो. आधी रोज पिणारा व्यसनी असतो. स्वतःचे पिणे रोजचे झाले की सकाळी पिणारा व्यसनी ठरतो. सकाळीही पेला हातात आला की नोकरी गमावलेला. व्याख्या नेहमी आपल्यापेक्षा एक पायरी खाली ठेवली जाते. दुसरी खूण कारणांच्या उलटापालटीची आहे. घरातल्या कटकटींमुळे प्यावे लागते असे सांगितले जाते, पण तारखा मांडून पाहिल्या तर बऱ्याचदा पिणे आधीचे आणि कटकटी नंतरच्या निघतात.

स्वतःवर घातलेले नियम ही कदाचित सर्वांत बोलकी खूण. फक्त बिअर, फक्त शनिवारी, अंधार पडण्यापूर्वी नाही. ज्याचे पिणे आटोक्यात आहे त्याला असे कायदेकानून सहसा करावे लागत नाहीत. नियम मोडल्याचे दिवस विसरले जातात, पाळल्याचे दिवस मात्र पुरावा म्हणून जपले जातात. ‘मागे महिनाभर सोडून दाखवली होती’ हे विधान खरे असू शकते. पण त्यातून थांबता येते एवढेच सिद्ध होते, आणि प्रश्न पुन्हा सुरू केल्यावर काय झाले याचा असतो. ठरवले किती आणि प्यायली किती, यांतले अंतर काही आठवडे त्याच दिवशी लिहून ठेवले, तर आठवणीला चलाखी करायला फारशी जागा उरत नाही. ‘दोनच’ म्हणताना पेला कोणी आणि किती भरला हेही पाहावे लागते, कारण हाताने ओतलेल्या एका पेल्यात दोन मापे सहज मावतात.

चाळणीसाठी काही प्रश्नावल्या आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉन युइंग यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘केज’ चाचणीत चारच प्रश्न आहेत: पिणे कमी करावे असे कधी वाटले का, त्यावरून कोणी टोकल्यास चीड आली का, अपराधी वाटले का, आणि सकाळी उठल्याबरोबर हात स्थिर करण्यासाठी किंवा उतार म्हणून घेतली का. दोन होकार आले तर सविस्तर तपासणी आवश्यक मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १० प्रश्नांच्या ‘ऑडिट’ चाचणीत ४० पैकी ८ किंवा अधिक गुण धोक्याचे समजले जातात. किती प्यायली हे युइंग यांनी विचारलेच नाही, यात मार्मिकता आहे. प्रमाणाबद्दल फसवणूक सोपी असते, चिडीबद्दल तितकी नसते.

नाकबुलीला निव्वळ हट्ट म्हणणे अपुरे आहे. जास्त प्यायल्यावर ‘ब्लॅकआउट’ झाला, तर त्या काळातल्या घटना मेंदूत नोंदल्याच जात नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांनी सांगितलेला प्रसंग त्याला खरोखरच अतिशयोक्त वाटतो. ‘मला चढत नाही’ हे ताकदीचे लक्षण समजले जाते. वस्तुतः ती शरीराला दारूची सवय जडल्याची खूण असते. आराम काही मिनिटांत मिळतो, नुकसान काही वर्षांनी दिसते. त्यामुळे अनुभव दारूच्याच बाजूने साक्ष देतो. दीर्घकाळच्या अतिपानाने मेंदूच्या पुढच्या भागाच्या कार्यावर परिणाम होऊन आत्मपरीक्षणाची क्षमताही मंदावू शकते. यात लाजेची भर पडते. घरचेही नकळत हातभार लावतात: ‘त्याला ताप आहे’ असे कामाच्या ठिकाणी कळवणारी पत्नी परिणामांना त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाही.

एकेकाळी तोंडावर पुरावे फेकून नाकबुली ‘फोडणे’ हा उपचाराचा भाग मानला जात असे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात समुपदेशकाने रुग्णाला जितके धारेवर धरले, तितके वर्षभरानंतर रुग्णाचे पिणे अधिक आढळले. मिलर यांनी १९८३ पासून विकसित केलेल्या प्रेरक संवादपद्धतीत म्हणून वाद टाळला जातो आणि पिण्याने काय मिळते, काय जाते, हे त्या व्यक्तीच्याच तोंडून येऊ दिले जाते. हे काम संथ असते आणि चिडलेल्या कुटुंबाला ते पुचाट वाटू शकते.

कबुलीनंतरही नाकबुली एका रूपात मागे राहते: ‘पटले, आता माझी मीच सोडतो, डॉक्टर कशाला?’ हे रूप शारीरिकदृष्ट्या घातक ठरू शकते. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते आणि साधारण २ ते ४ दिवसांत भ्रम, तीव्र कंप व ताप असलेली ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. अशा व्यक्तीची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवली जाते.