कॉल अडखळतो तेव्हा मोठा प्लॅन घेण्याआधी हे वाचा

डिचोली, सांखळी आणि आसपासच्या गावांतल्या आमच्या इंटरनेट ग्राहकांसाठी

"शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी मुलाचा व्हिडिओ कॉल अडकतो." चवथीच्या दिवसांत ही तक्रार हमखास येते. घर माणसांनी भरलेलं असतं. कुणी माटोळीचा व्हिडिओ पाठवतंय, कुणी सिनेमा लावलाय आणि त्याच वेळी दुबईला कॉल जोडलेला. अशा वेळी आम्ही मोठा प्लॅन घ्या असं सांगत नाही, कारण बहुतेकदा दुखणं रांगेत असतं.

इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. राऊटरकडे आलेलं पॅकेट पुढची वाट मोकळी होईपर्यंत बफरमध्ये, म्हणजे राऊटरच्या मेमरीतल्या रांगेत थांबतं. बफर मोठा असला की पॅकेट हरवत नाही, पण ताटकळतं. अपलोड ५ एमबीपीएस आणि बफर १ मेगाबाइट धरा: भरलेला बफर रिकामा व्हायला १.६ सेकंद लागतात. बोलणं सहज वाटायचं तर आवाज साधारण १५० मिलिसेकंदांत पलीकडे पोचायला हवा.

हा बफर भरतात तुमचेच फोन आणि लॅपटॉप. लाईनवर किती जागा आहे हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून ते वेग वाढवत जातात आणि पॅकेट हरवलं की मागे सरतात. म्हणजे हरवलेलं पॅकेट हा 'आता हळू' असा निरोप असतो. ही शिस्त नव्हती तेव्हा काय झालं, तेही पाहा. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेला, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. त्यावरचा उपाय व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडला. आज तुमच्या खिशातला फोन त्याच विचारावर चालतो.

लाईन फार वेगवान झाली की ती जुनी पद्धत अपुरी पडते. १० गिगाबिटच्या लांब पल्ल्याच्या लाईनवर एक पॅकेट हरवलं की वेग निम्मा होतो, आणि एकेका फेरीला (पॅकेट पोचून त्याची पोच परत येईपर्यंत) एकेक पॅकेट वाढवत मूळ वेग गाठायला तासाहून अधिक वेळ जातो. म्हणून वेग लवकर परत गाठणाऱ्या क्युबिकसारख्या नव्या पद्धती आल्या. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये क्युबिक २००६ पासून आहे.

वाटणीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही, आणि आम्हाला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. जवळच्या सर्व्हरकडून येणारं डाउनलोड लवकर वेग धरतं, लांबचं मागे पडतं. एकाच वेळी वीस जोडण्या उघडणारं ॲप वीस वाटे उचलतं, तर शेजारच्या घरातल्या ऑनलाइन परीक्षेला एकच वाटा मिळतो. हे आम्हाला पटत नाही. म्हणून आमच्या यंत्रणेत आधी घरागणिक वाटणी होते, मग घरातल्या प्रत्येक जोडणीची रांग वेगळी लागते. फेरीधक्क्यावर ट्रकांच्या रांगेमागे अडकलेल्या स्कूटरला वेगळी वाट करून द्यावी, तसं. शिवाय पॅकेटं फार वेळ खोळंबू लागली तर काही मुद्दाम टाकून देतो, म्हणजे पाठवणारा वेळीच हळू होतो. प्रत्येक जोडणीला वेगळी रांग आणि खोळंबलेली पॅकेटं टाकून देणं, या जोडपद्धतीला एफक्यू-कोडेल म्हणतात.

तुमच्या बाजूने एवढं करा. मोठी फाइल अपलोड करत असताना पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मोजा. एरवीपेक्षा ते कितीतरी पट वाढत असेल, तर राऊटरच्या मेनूत एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) आहे का बघा आणि त्यात अपलोड-डाउनलोड दोन्ही मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग तुमच्या राऊटरच्या ताब्यात राहते. कॉल करणाऱ्या घरासाठी हा सौदा फायद्याचाच.

त्याआधी लॅपटॉप केबलने जोडून बघायला विसरू नका. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून वाय-फाय धड जात नाही, आणि तसं असेल तर वरचं काहीही लागू पडणार नाही. तिथे आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून दुसरा वाय-फाय पॉइंट बसवावा लागतो.

तरीही अडचण राहिली तर फोन करा. कॉल कोणत्या वेळी अडखळतो आणि तेव्हा घरात आणखी काय चालू असतं, एवढं टिपून ठेवा. प्लॅन बदलायची खरोखर गरज असेल, तर तेही आम्ही सांगू.