एमसीबी पडली नाही, म्हणजे करंट नाही?

दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, "भाऊ, टाक्यात दुसरी मोटर सोडली, एमसीबी बी नवी बसवली. आता काई भेव नाई ना?"

आहे. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, माणसासाठी नसतेच, ती वायरसाठी असते.

आमच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत, जमिनीतलं पाणी तोंडात धरवत नाही. नळ रोज येईलच असंही नाही. म्हणून अंगणात जमिनीखाली टाकं, टाक्यात मोटर, आणि ऐन मे महिन्यात ती जळाली तर हाल नकोत म्हणून एक जादाची मोटर. इथवर शहाणपणच आहे. पण तिच्या बोर्डात काय बसवलं विचारलं, की उत्तर येतं, "एमसीबी म्हणा का ईएलसीबी, एकच ते." दुकानदारानंही हेच म्हटलं की माझं डोकं फिरतं.

एमसीबी सगळ्यांना ठाऊक आहे. मोटर जाम झाली, शॉर्ट झालं, वायर तापायला लागली की पडते. अर्ध्या एचपीच्या मोटरीला सी टाइपची ६ अँपिअरची पुरते. "पडत नाही" म्हणून ३२ची लावणारे भेटतात. त्यांनी सरळ तारच बांधावी, पैसे तरी वाचतील.

आता ईएलसीबी. हल्ली दुकानात मिळते तिचं नाव आरसीसीबी, पण वायरमन जुनंच नाव घेतो, मीही घेतो. करंट किती गेला याच्याशी तिला देणंघेणं नाही. फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) गेला तेवढा न्यूट्रलमधून (परत नेणाऱ्या तारेतून) परत आला का, एवढाच तिचा हिशेब. ३ अँपिअर गेले, ३ आले, तर ती गप्प. त्यात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्याच वाटेनं जमिनीत चाललाय: केबलच्या ओल्या जोडातून, पंपाच्या बॉडीतून, नाहीतर तुमच्या अंगातून. मग ती सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत पडते.

३० मिलिअँपिअर म्हणजे ६ अँपिअरचा दोनशेवा भाग. छातीतून १०० मिलिअँपिअर गेले तर माणसाचं हृदय थांबू शकतं. एमसीबीच्या लेखी मात्र तो माणूस म्हणजे घरात २५ वॅटचा एक बल्ब लागला, इतकंच. ती कशाला पडेल? उलट मोटर जाम होऊन जळत असली, तर ईएलसीबी ढिम्म बसून राहते. म्हणून दोन्ही लागतात, किंवा दोन्ही कामं एकात करणारी आरसीबीओ.

"पण ती सारखी पडते!" माझ्याही घरी पडायची. वायरमननं ती बायपास करून दिली आणि सगळे खूश झालो. पुढे तोटीला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. केबलचा जोड पाण्यात होता, वर नुसती टेप गुंडाळलेली. ईएलसीबी खरं सांगत होती, आम्ही तिचं तोंड बंद केलं होतं. आणखी एक खोड: न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या, सळईवर घर चालवायचं. तिथं अख्खा करंट जमिनीत जातो, न्यूट्रलमधून काहीच परत येत नाही, ती पडणारच. मग म्हणायचं, बेकार निघाली.

त्याहून वाईट म्हणजे बोर्डात अर्थची पिन न्यूट्रलला जोडून "अर्थिंग" करणं. न्यूट्रल तुटला की पंपाच्या बॉडीवर थेट फेज येतो. आणि बॉडीतला गळका करंट त्याच न्यूट्रलमधून परत जातो, म्हणून ईएलसीबीला हिशेब बरोबरच दिसतो. एवढ्यासाठी अर्थिंग वेगळंच हवं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा. खारट मातीत अर्थिंगचा पाइप गंजतो, तो अधूनमधून वायरमनकडून मीटरनं तपासून घ्या. ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्याला दाबाच, पण त्यानं अर्थिंगची परीक्षा होत नाही. अर्थिंग नसलं तरी ते बटण दाबल्यावर ती पडते.

बाकी किरकोळ. जादाची मोटर पंधरा दिवसांतून एकदा चालवा, नाहीतर गरजेच्या दिवशीच जाम निघेल. पंप नायलॉनच्या दोरीवर सोडा, केबलवर लोंबकळत ठेवू नका. बंद टाक्यात एकट्यानं उतरू नका, आत हवा कोंडलेली असते.

आणि टाक्यात हात घालण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही. गावातल्या बऱ्याच बोर्डांत बटण न्यूट्रलवरच बसवलेलं असतं. मोटर बंद दिसते, केबलमध्ये फेज तसाच. पिन उपसून हातात घ्या, मग झाकण उघडा.