दुर्मीळ प्रोसेसरांसाठी कर्नल सपोर्ट

फार थोड्यांच्या हाती उरलेल्या, किंवा नुकत्याच आलेल्या प्रोसेसरांवर ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा तिचा गाभा, चालता ठेवण्याचे काम. कर्नलचा बराचसा कोड सगळ्या प्रोसेसरांना सामाईक असतो; बूट, मेमरी, इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरचे लक्ष वेधण्याचे संकेत) आणि कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) हाताळणारा भाग मात्र प्रत्येक कुळासाठी वेगळा लिहावा लागतो. लिनक्स या कर्नलमध्ये तो ‘आर्च’ या डिरेक्टरीत असतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि बदल करणाऱ्यांपुढे सहसा इंटेल, एएमडी किंवा आर्मचे यंत्र असते. त्यामुळे दुर्मीळ प्रोसेसरचा कोड कोणी हात न लावताही बिघडतो, आणि बिघडल्याचे कधीकधी वर्षानुवर्षे कळत नाही.

पुण्याला हा विषय परका नाही. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा परम ८००० हा महासंगणक (१९९१) इनमॉसच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर चालत असे. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला, परम ९००० च्या वेगवेगळ्या रूपांत स्पार्क आणि डेकचा अल्फा, तर परम १०००० (१९९८) मध्ये अल्ट्रास्पार्क. एका दशकात एकाच संस्थेने चार प्रोसेसर-कुळे हाताळली. त्यांपैकी स्पार्क आणि अल्फा यांना लिनक्सच्या १.२ आवृत्तीत (१९९५) जागा मिळाली आणि ती आजही टिकून आहे.

चाचणीचे तीन थर असतात. पहिला कंपाइल करून पाहण्याचा. तो स्वयंचलित यंत्रणा रोज सांभाळतात आणि पुण्यातला कोणताही विद्यार्थी लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलर) बसवून करू शकतो. दुसरा क्यूएमूसारख्या एम्युलेटरवर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, बूट करण्याचा. तिसरा खऱ्या यंत्रावरचा, आणि खरा कस तिथेच लागतो.

अल्फाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रात एक प्रोसेसर नवी माहिती लिहितो आणि मग तिचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, जाहीर करतो. दुसरा प्रोसेसर तो पॉइंटर वाचून माहितीपर्यंत जातो. जवळजवळ सर्व प्रोसेसरांवर त्याला नवीच माहिती दिसते. अल्फाच्या काही मॉडेलांत कॅशे विभागलेली असल्याने बदल एका भागात पोचतो, दुसऱ्यात अजून पोचलेला नसतो. हाती नवा पॉइंटर येतो, पण त्याच्या टोकाला जुनी माहिती असते. म्हणून कर्नलमध्ये केवळ अल्फासाठी खास मेमरी बॅरियर (मेमरी वाचण्या-लिहिण्याचा क्रम पाळायला लावणारी सूचना) ठेवावा लागला. तो चुकून गळाला तर साध्या पीसीवरच्या एम्युलेटरमध्ये सहसा काहीच बिघडत नाही, कारण खालच्या पीसीची वाचण्या-लिहिण्याच्या क्रमाची शिस्तच कडक असते. सुरुवातीच्या अल्फांची आणखी एक अडचण होती: एकच बाइट लिहिण्याची सूचना त्यांच्यात नव्हती. अख्खा शब्द वाचून, बदलून परत लिहिताना शेजारच्या बाइटमध्ये दुसऱ्याने केलेला बदल पुसला जाऊ शकतो. लिनक्स ६.१० (२०२४) मधून हे जुने अल्फा वगळले गेले.

खऱ्या यंत्रावर बग शोधणे चिकाटीचे काम आहे. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. दोषी बदल शोधणाऱ्या ‘गिट बायसेक्ट’ या साधनाने दर वेळी निम्मे वगळत गेले तरी तेरा-चौदा वेळा कर्नल बनवून बूट करावा लागतो. म्हणून कर्नल वेगवान पीसीवर बनवतात, नेटवर्कवरून जुन्या यंत्रात चढवतात आणि सिरियल केबलवर लॉग घेतात. पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगले तर नवे पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतील; जळालेल्या अल्फा बोर्डाला पर्याय शोधणे जवळजवळ अशक्य.

तपासणारे उरले नाहीत की सपोर्ट काढला जातो. इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, तोच ३.८ आवृत्तीत (२०१३) गेला. ४.१७ (२०१८) मध्ये ब्लॅकफिन, टाइल यांसह आठ आर्किटेक्चर (प्रोसेसर-कुळे) एकदम निघाली आणि सुमारे पाच लाख ओळी कमी झाल्या. इंटेलचा इटानियम ६.७ (२०२४) मध्ये गेला. हे निर्णय कठोर वाटतात, पण रास्त आहेत: न तपासलेला कोड सामाईक भागात सुधारणा करणाऱ्या प्रत्येकाला अडवतो. याउलट मोटोरोलाच्या ६८००० चे कुळ नव्वदच्या दशकापासून टिकून आहे, कारण त्याचे मेंटेनर (कोड सांभाळणारे) आणि हौशी वापरकर्ते नव्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चालवून पाहतात.

नव्या चिपांनाही हीच अडचण येते, याकडे फारसे लक्ष जात नाही. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. त्याच्या तिरुवनंतपुरम केंद्राने रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवर आधारित ‘वेगा’ प्रोसेसर घडवले आहेत. रिस्क-फाइव्हचा मूळ कोड लिनक्समध्ये ४.१५ (२०१८) पासून आहे, पण इंटरप्ट कंट्रोलर, क्लॉक आणि सिरियल पोर्ट यांचे ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी यादी) चिपगणिक वेगळे असू शकतात. ते मूळ कर्नलमध्ये गेले नाहीत तर बोर्ड विक्रेत्याने दिलेल्या जुन्या आवृत्तीवर अडकून पडतो. गेले तरी दर आठवड्याची आरसी (अंतिम आवृत्तीआधीची चाचणी) आवृत्ती बूट करून लॉग पाठवणारे कोणीतरी लागते. त्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक बोर्ड, एक सिरियल केबल आणि नेटवर्क एवढे पुरते.