फर्मान 770 आणि एका पिढीचा मेंदू

1967 साली रुमानियात 5 लाख 27 हजारांहून जास्त मुलं जन्माला आली. आदल्या वर्षी हाच आकडा 2 लाख 73 हजारांच्या घरात होता. ना एखादं युद्ध संपलं होतं, ना अचानक सुबत्ता आली होती. वर्षभरात जन्म जवळजवळ दुप्पट झाले, त्यामागे होता एक सरकारी कागद: ऑक्टोबर 1966 मध्ये निघालेलं, गर्भपातावर बंदी घालणारं फर्मान क्रमांक 770.

रुमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू 1965 मध्ये सत्तेवर आला. देश बलाढ्य करायचा तर कामगार हवेत आणि कामगार हवेत तर बायकांनी मुलं जन्माला घालायला हवीत, असा त्याचा सरळ हिशेब होता. रुमानियात 1957 पासून गर्भपात कायदेशीर होता आणि गर्भनिरोधक गोळ्या वा इतर साधनं फारशी मिळत नसल्यामुळे कुटुंबनियोजनाचा तोच मुख्य मार्ग होऊन बसला होता. 1965 मध्ये तिथे दर एका जन्मामागे सुमारे चार गर्भपात होत होते. फर्मानाने तो मार्ग एका फटक्यात बंद केला. सूट मिळाली ती पंचेचाळिशी ओलांडलेल्या, आधीच चार मुलं असलेल्या, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या बायकांना. पंचविशीनंतरही मूल नसलेल्यांवर कर बसला.

दर स्त्रीमागे सरासरी 1.9 मुलं होती, ती 1967 मध्ये 3.7 झाली. पण पुढचं वर्षानुवर्षांचं चित्र मला जास्त बोलकं वाटतं. हा आकडा घसरत गेला आणि 1983 पर्यंत पुन्हा दोनच्या आसपास आला. लोकांनी वाटा शोधल्या होत्या: चोरून आणलेल्या गोळ्या, ओळखीचा डॉक्टर आणि तेही नसेल तर घरातल्या घरात केलेले जीवघेणे उपाय. सरकारने मग फास आवळला. सवलतीसाठी चारऐवजी पाच मुलांची अट आली, कारखान्यांमध्ये कामगार बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या सुरू झाल्या. तरीही 1967 चा आकडा परत कधी गाठता आला नाही.

रुमानियाच्या लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे कुठल्या वयाचे किती लोक आहेत हे दाखवणारा आलेख पाहिला, तर त्या एकदोन वर्षांचा फुगवटा आजही ठळक दिसतो. हा फुगवटा वयाबरोबर वर सरकत आला आहे. आधी प्रसूतिगृहं अपुरी पडली आणि बालमृत्यू वाढले, मग शाळांचे वर्ग ओसंडले. आता निवृत्तिवेतनाच्या हिशेबात त्याची धास्ती आहे. ही मुलं पुढे कशी निघाली, हे तपासताना अर्थतज्ज्ञ क्रिस्तियान पॉप-एलेचेस यांना एक फसवी गोष्ट दिसली. वरवर पाहता, फर्मानानंतर जन्मलेली मुलं शिक्षणात आधीच्यांपेक्षा थोडी पुढेच होती. कारण असं, की बंदीआधी गर्भपाताचा आधार घेणाऱ्यांमध्ये शहरी, शिकलेल्या बायका जास्त होत्या. बंदीनंतर त्यांच्या घरी जास्त मुलं आली आणि सरासरी वर गेली. आईवडिलांची पार्श्वभूमी सारखी ठेवून तुलना केल्यावर मात्र नंतरची मुलं शिक्षणात आणि नोकरीत मागे पडलेली आढळली. सरासरीवर विसंबलं असतं, तर फर्मान यशस्वी ठरलं असतं!

याची किंमत आधी बायकांनी मोजली. 1989 मध्ये रुमानियात दर एक लाख जन्मांमागे सुमारे 170 माता दगावत होत्या. युरोपात इतका वाईट आकडा दुसरीकडे कुठेही नव्हता आणि त्यातले बहुतेक मृत्यू असुरक्षित गर्भपाताचे होते. फर्मानाच्या 23 वर्षांत अशा सुमारे दहा हजार बायका गेल्या, असा अंदाज आहे.

डिसेंबर 1989 मध्ये तिमिशोआरा शहरात उठावाची ठिणगी पडली आणि आठवड्याभरात राजधानी बुखारेस्ट पेटली. रस्त्यावर उतरलेल्यांत विशी-बाविशीची, म्हणजे फर्मानानंतर जन्मलेली मुलं खूप होती. हुकूमशहाला त्याच्याच फर्मानाने जन्माला घातलेल्या पिढीने खाली खेचलं, असं म्हणायचा मोह होतो. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. परकीय कर्ज फेडण्यासाठी त्याने अन्नधान्य परदेशी धाडलं, लोकांना पावासाठी रांगेत आणि हिवाळ्यात थंडगार घरात ठेवलं; त्याची चीड सगळ्याच वयांच्या लोकांत होती. 25 डिसेंबरला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या. नव्या सरकारने दुसऱ्याच दिवशी फर्मान रद्द केलं. 1990 मध्ये मातामृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. सार्वजनिक आरोग्यात इतक्या लवकर गुण येताना क्वचितच दिसतो.

आपणही यापासून फार दूर नव्हतो. 1974 ची जागतिक लोकसंख्या परिषद याच बुखारेस्टमध्ये भरली होती आणि भारताचे आरोग्यमंत्री करण सिंह यांनी तिथे विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन असल्याचं सांगितलं होतं. दोनच वर्षांत, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. दिशा उलटी, पण सरकारचा हात तिथेच पोचला होता.

रुमानियाची खरी जखम क्रांतीनंतर उघडी पडली. सरकारी बालगृहांत एक लाखाहून जास्त मुलं होती. त्यांतली बहुतेक अनाथ नव्हती; पोसणं परवडत नाही म्हणून आईवडिलांनीच ती सरकारकडे सोपवली होती. ओळीने मांडलेल्या लोखंडी पाळण्यांत तान्ही बाळं छताकडे बघत पडलेली असत. डझनभर किंवा त्याहून जास्त बाळांमागे एक बाई. दूध वेळेवर, लंगोट वेळेवर, पण उचलून घ्यायला कुणी नाही. भेट देणाऱ्यांना सर्वांत जास्त हादरवायची ती तिथली शांतता. रडून कुणी येत नाही हे कळलं, की बाळ रडायचं थांबतं.

2000 साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमध्ये अभ्यास सुरू केला. सहा ते एकतीस महिने वयाची 136 मुलं निवडली. निम्मी चिठ्ठ्या टाकून प्रशिक्षित पालक कुटुंबांकडे सांभाळायला दिली, बाकीची बालगृहातच राहिली. हे वाचताना पोटात कालवतं. पण तेव्हा बुखारेस्टमध्ये अशी कुटुंबं जवळपास नव्हतीच, ती या प्रकल्पाने उभी केली. शिवाय मागे राहिलेल्या कुठल्याही मुलाला घर मिळत असेल तर अडवायचं नाही, असं ठरलं होतं.

साडेतीन वर्षांच्या वयात बालगृहातल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 77 होता, कुटुंबात गेलेल्यांचा 86 आणि शहरात आपल्या घरी वाढलेल्यांचा 103. मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी काढला, तर बालगृहातल्या मुलांच्या मेंदूची लय मंद दिसत होती. आठव्या वर्षी तो पुन्हा काढला, तेव्हा दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचा आलेख घरी वाढलेल्या मुलांसारखाच आला. उशिरा गेलेल्यांचा तसा आला नाही.

यामागचं जीवशास्त्र असं: जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत पेशींच्या जोडण्या प्रचंड संख्येने होतात. वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. बाळ हुंकारतं, समोरचा माणूस ओ देतो, बाळ हसतं, माणूस पुन्हा बोलतो; याच देवाणघेवाणीतून भाषेच्या, भावनांच्या, तणाव आवरण्याच्या जोडण्या घट्ट होतात. ती नसेल तर शरीरही वाढत नाही. बालगृहातली मुलं वयाच्या मानाने बुटकी होती, आणि घर मिळाल्यावर साधारण वर्षभरात त्यांची उंची बरीचशी भरून निघाली. मनाच्या काही गोष्टी मात्र तेवढ्या भरल्या नाहीत. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांवरच्या बालमानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर यांच्या अभ्यासातही तेच दिसलं. बालगृहात सहा महिन्यांहून कमी काळ काढलेली मुलं इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी प्रेमळ घर मिळूनही तारुण्यापर्यंत टिकल्या.

2004 मध्ये रुमानियाने कायदा करून दोन वर्षांखालील मुलांना बालगृहात ठेवायला बंदी केली. अपवाद ठेवला तो गंभीर अपंगत्व असलेल्या बाळांचा. मला हा अपवाद फार खटकतो. अपंग बाळाला मांडीवर घेणाऱ्या माणसाची गरज कमी असते, असं या एवढ्या संशोधनात कुठेच आढळलेलं नाही.