आफ्रिकेत संशोधनाला परवानगी लागत नाही?

‘आफ्रिकेत कुणीही जावं आणि गरिबांवर प्रयोग करावेत, विचारणारं कोणी नाही’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. वसाहतकाळात असे प्रकार घडले होते, त्यामुळे शंका अगदीच निराधार नाही. पण आजचं चित्र वेगळं आहे.

केनियाचंच बघा. आधी मान्यताप्राप्त नीतिसमिती प्रस्ताव तपासते. मग २०१३च्या कायद्यानुसार सरकारी परवाना घ्यावा लागतो. परवान्याशिवाय संशोधन हा तिथे गुन्हा आहे. हे फक्त औषधांपुरतं नाही. घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्या समाजशास्त्रज्ञालाही परवाना लागतोच. नव्या औषधाची चाचणी असेल तर औषध नियंत्रकांची मंजुरी वेगळी.

त्यानंतर येतं संमतिपत्र, स्वाहिली किंवा स्थानिक भाषेत. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा. संमतीला स्वाहिलीत ‘रिधा’ म्हणतात. आपली ‘रजा’ त्याच अरबी मुळाची!

पडताळायचं कसं? परवान्यावर संशोधकाचं नाव, विषय, जिल्हा आणि मुदत असते. औषधचाचण्यांच्या नोंदवह्या इंटरनेटवर कुणालाही चाळता येतात. फॉरवर्डमध्ये देश, वर्ष, औषध यांपैकी काहीच नसेल, तर शोधणार तरी काय?